कमळचं वजन

खारवळ, ता. पेण
१२ ऑगस्ट १९५५

श्री. धर्मा नामा घरत यांस,

खालची सही वाचून तुम्हाला प्रश्न पडेल की ही कोण बाई. मी तुमच्या कमळची मास्तरीण, कोकिळा शिर्के. मूळची महाडकडची, बोर्डाने दोन वर्षांपूर्वी इथे आणून टाकली. तुम्ही मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा घरी, म्हणून आपली गाठ पडलेली नाही. पडली असती तर हे सगळं तोंडावर बोलले असते.

जानेवारीपासून शाळेत सरकारी दुधाची भुकटी येते. ती पाण्यात कालवून मुलींना एकेक पेला द्यायचा आणि दर महिन्याला त्यांची वजनं लिहून पेणला पाठवायची, असा हुकूम आहे. हुकुमाबरोबर काटा मात्र आला नाही. मग मी मुलींना ओळीने मिठागराच्या वखारीत नेते आणि ज्या काट्यावर मिठाच्या गोणी चढतात त्यावर एकेकीला बसवते. मापाडी विचारतो, "बाई, बारदानाचा वजन कापू का?" आणि मुली खिदळतात. उंची वर्गाच्या चौकटीवर खडूने घेते.

तुमच्या शेजारची ठमी सात महिन्यांत अकरा पौंडांनी वाढली. बाकीच्या कुणी पाच, कुणी सहा. तुमची कमळ जानेवारीत चोपन्न पौंड होती आणि काल चोपन्न पौंड भरली. उंची चार फूट चार इंच, त्यातही फरक नाही. बारा वर्षांची मुलगी ही, आणि शेजारी बसलेली नऊ वर्षांची तिच्याहून थोराड दिसते. परवा कविता म्हणायला उभी राहिली आणि तोल जाऊन पडली.

मला गोड लिहिता येत नाही. या मुलीला घरी पोटभर मिळत नाही. तुमच्या घरात भात आहे, दारात खाडी आहे. मग पुरुषमाणसं उठल्यावर मागे राहिलेल्या तोपात मुलीसाठी काय उरतं, हे तुमच्या बायकोला एकदा विचारा. वर्गात हिच्यासारखी हुशार दुसरी नाही. सातवी पास होऊन बाई व्हायचं म्हणते. पण त्यासाठी आधी जगायला हवं.

कोकिळा शिर्के


शिवडी, मुंबई
३० ऑगस्ट १९५५

शिर्केबाईंना धर्मा घरतचा हात जोडून नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा अक्षराला हसू नका. तुमचं पत्र खोलीत सगळ्यांसमोर उघडलं आणि दोन ओळी वाचून मिटलं. मग धक्क्यावर जाऊन वाचलं. माझी लेक भुकेने वर्गात पडते आणि मी इथे खानावळीत दोन वेळा ताट संपवतो. लाज वाटली.

आमच्या घरी काही कमी नाही, बाई. मी जातीने सांगतो. माझी बायको केसर अशी वागेल असं वाटलं नव्हतं. माझी मोठी बहीण सत्यवती रेवदंड्याच्या बाजूला दिलेली आहे, ती पण दर सणाला निरोप धाडते, पोरगी वाढत का नाही. मी हसण्यावारी नेत होतो. तुम्ही डोळे उघडले.

गणपतीला येतो आहे. शुद्ध तुपाचा डबा आणतो. घरात काय ते बघून घेतो. तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवता, तुमचे उपकार आहेत. या वयाच्या मुलीची उंची किती पाहिजे, ते कळवा.

धर्मा


खारवळ
१० ऑक्टोबर १९५५

श्री. धर्मा घरत यांस,

गणपतीत तुम्ही आलात आणि काय ते बघून घेतलंत, हे मला केसरच्या दंडावरून कळलं. ती शाळेच्या दाराशी आली होती. पदर ओढून घेतला तरी वळ दिसत होते. मला म्हणाली, "बाई, मी वाढते हो. पोरच ताट सरकवते. तुमच्या गल्याची आन." मी तिला म्हटलं, अशी कुठली मुलगी आपण होऊन उपाशी राहते? ती निघून गेली.

मी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं, हात उगारायला नव्हे. पुन्हा असं केलंत तर मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

मात्र फरक पडला आहे, तो सांगायलाच हवा. केसर आता कमळसमोर मांडी ठोकून बसते आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठत नाही. शाळेतलं दूध मी माझ्या डोळ्यांसमोर प्यायला लावते. पेला संपला की तोंड उघडून दाखवायचं. ती रडते, मी विरघळत नाही. या महिन्यात दोन पौंड वाढली. दोन पौंड! मापाड्याला मी पुन्हा तोलायला लावलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चार फूट आठ इंच तरी हवी. होईल. मी हिला वाढवून दाखवते.

कोकिळा शिर्के


शिवडी
१८ डिसेंबर १९५६

बाईंना नमस्कार.

वर्षभर पत्र नाही, रागावू नका. गोदीत दोन पाळ्या चालू होत्या, घरीही येता आलं नाही. दिवाळीला घरी आलो तेव्हा तुम्ही महाडला गेला होता. कमळ पाहिली. दारातून वाकून आत आली, बाई! मी क्षणभर ओळखलं नाही. केसरचं जुनं पोलकं तिला बसतं. गालांवर रंग आला आहे. हे सगळं तुमच्यामुळे.

एक विनंती आहे. शाळेच्या कागदावर कमळचं वजन, उंची आणि तब्येत कशी आहे ते दोन ओळी लिहून धाडाल का? शिक्का मारलात तर फारच बरं. चार माणसांना दाखवायचं आहे.

धर्मा


खारवळ
१४ जानेवारी १९५७

श्री. धर्मा घरत यांस,

तीळगूळ घ्या. कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. शिक्क्यासाठी हेडमास्तरांची मनधरणी करावी लागली. ते म्हणाले, बापाला कशाला हवा दाखला? मी म्हटलं, अहो, मुलीच्या वाढीचा दाखला मागणारा बाप या तालुक्यात दुसरा आणून दाखवा.

कागदावर रुक्ष लिहावं लागतं, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते. सव्वीस जानेवारीला मी तिला झेंड्याजवळ उभी करणार आहे, सगळ्या गावाने पाहावी म्हणून. चार फूट साडेआठ इंच, शहात्तर पौंड. दीड वर्षापूर्वी जिचा हात धरताना भीती वाटायची ती आता विहिरीवरून माझी घागर हिसकावून घेते. पुढच्या वर्षी सातवीची परीक्षा. पास झाली की ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज मी स्वतः भरणार आहे.

एकच गोष्ट खटकते. वजन वाढलं हे सांगितलं की बाकीच्या मुली उड्या मारतात, ही खाली बघते. स्वभाव असतो एकेकाचा.

कोकिळा शिर्के

(सोबतचा कागद)
दाखला देण्यात येतो की कुमारी कमळ धर्मा घरत, इयत्ता सहावी, हिची उंची ४ फूट ८॥ इंच व वजन ७६ पौंड असून मुलगी अंगाने भरली आहे. प्रकृती उत्तम.


खारवळ
२२ एप्रिल १९५७

धर्मा घरत,

कमळ बारा दिवस शाळेत नाही. मी घरी गेले. केसर म्हणाली पोरीला पदर आला, आणि वैशाखात लग्न. तुमच्या बहिणीच्या मुलाशी. दाखला त्यासाठी हवा होता! चार माणसं म्हणजे तुमची बहीण आणि तिच्या सासरचे. मी मूर्ख, मनधरणी करून शिक्का मारून दिला.

आता तुम्ही ऐका. मी कमळला माजघरात बाजूला घेतलं आणि विचारलं. ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते दुसऱ्या शब्दांत लिहिता येणार नाही.

"बाई, ताटातला मीच काढून ठेवायची. शाळंतला दूध ठमीला दिला. आयेची काय चूक नव्हती."

का, म्हणून विचारलं.

"आते दर सनाला येते नि मना दारात उभी करते. बघू किती वाढली. मोठी झाली का नेनार, बोलते. मंग मना वाटला, मी मोठीच झाली न्हाय तं? मना सातवी करायची होती. मना मोठा व्हवाचा न्हाय, बाई. मी बरा चालवला होता. तुमी बसून पाजलाव."

धर्मा, चौदा वर्षांची मुलगी शाळेत राहण्यासाठी महिनोन्महिने उपाशी राहिली. आणि मी तिच्या आईवर आळ घेतला, तुमच्याकडून मार खायला लावला आणि मुलीला तोंड उघडून दाखवायला लावलं. केसरच्या मी पाया पडून आले. ती म्हणाली, "ऱ्हाऊंद्या बाई, आता काय."

कायदा पंधरा वर्षं सांगतो. पण मी कायद्याचं बोलत नाही, हात जोडते आहे. एक वर्ष थांबा. दोन थांबा. पदर आला म्हणजे बाई झाली असं नाही. हाडं अजून वाढायची आहेत. तिला परीक्षेला बसू द्या.

कोकिळा शिर्के


शिवडी
२८ मे १९५७

बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मांडवाचे वासे आणायला माणसं गेली होती. उत्तर द्यायला धीर झाला नाही. लग्न पार पडलं. तुम्ही आला नाहीत. हळदीच्या दिवशी कमळ दोनदा विचारत होती, बाई येनार का.

तुम्ही मला वाईट समजत असाल. माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि सत्यवती नऊची. तिने मला कडेवर वागवून वाढवलं. पेज रांधायची आणि मला भरवून मग भांडं चाटायची. कमळ जन्मली तेव्हा ती बाळंतिणीच्या दाराशी आली आणि म्हणाली, धर्मा, ही माझ्या मोरूला. मी शब्द दिला, मोठी झाली की तुझीच. भावाची मुलगी बहिणीच्या घरात जाते ही आमची रीतच आहे. परक्या घरात दिली असं नाही. मोरू मेहनती आहे, दारू नाही.

पोर उपाशी राहत होती हे मला कुठे ठाऊक होतं? तिने मला सांगायचं होतं. पण बापाशी मुली बोलतात का?

आणि बाई, राग मानू नका. सत्यवतीचा सासरा म्हणत होता, पोर लहान आहे, आणखी दोन वर्षं जाऊ द्या. तेव्हा मी तुमचा कागद वाचून दाखवला. मुलगी अंगाने भरली आहे. प्रकृती उत्तम. मग त्याने मान हलवली.

धर्मा


खारवळ
२ फेब्रुवारी १९५९

धर्मा,

पावणेदोन वर्षं मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं होतं ते तुम्ही शेवटच्या पत्रात लिहून टाकलं होतं. ते रोज आठवतं. आज लिहिते आहे, कारण केसरला लिहिता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगायची तिला लाज वाटते.

कमळ परत आली आहे. गेल्या मंगळवारी तुमच्या बहिणीने बैलगाडीतून पोचती केली. आरामाला म्हणून. गाडीवाल्याने उतरताना तिचा हात धरला नाही.

तुम्हाला कळवलं असेल की मूल मेलं. कसं मेलं ते कळवलं नसेल. तीन दिवस कळा. सुईण म्हणत राहिली, होईल, होईल. चौथ्या दिवशी गाडीत घालून दवाखान्यात नेली, तिथे हत्यारं लावून मूल बाहेर काढलं. ती वाचली. पण आत जखम झाली आणि तेव्हापासून लघवी तिच्या ताब्यात नाही. अष्टौप्रहर गळते. मागच्या दाराशी गोणपाटावर ती बसून असते. घरात येत नाही, चुलीकडे जात नाही. खाडीच्या खाऱ्या पाण्यात फडकी धुते आणि तीच ओली नेसते, मांड्या सोलवटून निघाल्या आहेत. पाणी पीत नाही, प्यायलं की गळतं म्हणून. मी जवळ बसले तर म्हणाली, "बाई, वास येल तुमाला." सोळा वर्षांची आहे ती.

पेणच्या नर्सबाईंना मी आणून दाखवली. त्या म्हणतात हे शिवता येतं, मुंबईचे मोठे डॉक्टर शिवतात. तेव्हा निरोप नको, तूप नको. या, आणि तिला घेऊन जा. या पत्राला उत्तर लिहीत बसू नका.

कोकिळा


शिवडी
१ मार्च १९५९

बाईंना नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसं केलं. धरमतरवरून लाँचने आणली. लाँचवर गर्दी होती, पण आमच्या भोवती जागा मोकळी झाली. एक बाई नाकाला पदर लावून उठून गेली. कमळ मला म्हणाली, "आबा, तुमी पन लांब बसा." मी बसलो नाही. एवढंच माझ्या हातून बरं झालं.

इस्पितळात घेतली. डॉक्टरांनी तिचं वय विचारलं. मी सोळा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लग्न कधी झालं ते विचारलं. मग मला समजावून सांगितलं. कमरेचं हाड लहान मुलीचं राहिलं आहे, मूल उतरायला वाटच नव्हती. वाढीच्या वर्षांत खाणं नाही आणि वाढ पुरी व्हायच्या आत ओझं. मी म्हटलं, साहेब, मागून पावणेदोन वर्षं भरपूर खाल्लं तिने. ते म्हणाले, तेवढ्याने भागत नाही, अजून चार वर्षं थांबायचं होतं. तुम्ही हेच लिहिलं होतं.

आता ती सहासष्ट पौंड आहे. अंगात रक्त नाही. ऐंशी झाल्याशिवाय चाकू लावणार नाहीत, टाके धरत नाहीत म्हणे. वॉर्डात दूध, अंडी, मटणाचा रस्सा मिळतो.

एक गोड बातमी. सत्यवती येऊन गेली. माझी बहीण मोठ्या मनाची आहे. म्हणाली, "बरी झाली का धाड. आमी टाकली न्हाय तिला." मी धावत जाऊन कमळला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. लाजली असेल.

धर्मा


शिवडी
६ एप्रिल १९५९

बाईंना,

पाच आठवडे झाले. काल वजन केलं. त्रेसष्ट.

वाढायचं सोडून तीन पौंड उतरलं. नर्स म्हणते, अंडी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला देते. दूध झाडाच्या कुंडीत ओतताना धरली. मी ओरडलो, हातापाया पडलो. ऐकते, मान हलवते, आणि करायचं तेच करते. डॉक्टर चिडले आहेत. या महिनाअखेर वजन चढलं नाही तर खाट रिकामी करा म्हणतात, बाहेर रांग आहे. मग पुन्हा कोण घेणार तिला?

मला वाटतं तिला जगायचं नाही. तुम्ही शिकवलं तिला, तुमचं ऐकते. एकदा येऊन तिला रागवा.

धर्मा


खारवळ
१० एप्रिल १९५९

धर्मा,

ती लाजली नव्हती. तिला जगायचं नाही असंही नाही. तुम्ही तिला सांगितलंत की बरी झालीस की परत जायचं, म्हणून ती बरी होत नाही. इतकं साधं आहे. मागच्या वेळी हे समजायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांचं काय झालं ते आपण पाहिलं. या वेळी तुमचं पत्र हातात होतं तेव्हाच कळलं.

तिच्याजवळ दुसरं काय आहे हो? आपण सगळ्यांनी तिला दारात उभी केली, काट्यावर बसवली, मापली, तोलली. किती वाढली, किती भरली. तुला काय हवं, हे एकाने विचारलं नाही. मीसुद्धा नाही. फार तर मी मला हवं ते तिला हवं असं धरून चालले. तिच्या हातात एकच गोष्ट उरली, तोंडात घास घालायचा की नाही. ती गोष्ट ती सोडणार नाही, आणि मी रागवायला येणार नाही. रागवून मी एकदा तिला वाढवली आहे.

तुम्ही एक करायचं. कागद घ्या, तुमच्या हाताने लिहा. कमळला सासरी पाठवणार नाही. बहीण रडली तरी नाही, जमातीने वाळीत टाकलं तरी नाही. बरी झाली की ती माझ्याकडे येईल, माझ्या खोलीत राहील आणि सातवीला बसेल. लिहा आणि तिच्या हातात द्या. तोंडी सांगू नका. तोंडी शब्द तुम्ही बहिणीला दिला होता, आणि तो पाळलात.

सत्यवतीने तुम्हाला कडेवर वाढवलं हे मी विसरलेले नाही. कुणाला दुखवायचं ते तुम्ही ठरवायचं आहे, आणि महिनाअखेरपर्यंत.

कोकिळा


शिवडी
२६ एप्रिल १९५९

बाईंना धर्माचा नमस्कार.

पत्र मिळून आठ दिवस मी काही केलं नाही. खरं ते लिहितो. कागद आणला, दौत आणली, आणि पहिली ओळ लिहिली की डोळ्यांसमोर सत्यवती उभी राहायची. मग फाडायचो. असे तीन फाडले. चौथ्या वेळी इस्पितळात गेलो, तर कमळला खाटेवरून उठवून बसवायला दोन नर्सा लागल्या. परत आलो आणि लिहून टाकलं.

सत्यवतीला आधी सांगितलं. चोरून करायला नको म्हणून रेवदंड्याला जाऊन आलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मना भाव न्हाय असा समजंन." मला पाणी विचारलं नाही. बाई, या बाईमाणसाने स्वतः उपाशी राहून मला भरवलं आहे. मी रस्त्यावर येऊन लहान पोरासारखा रडलो.

कागद कमळच्या हातात दिला. तिने बसून वाचला. पुन्हा वाचला. म्हणाली, "आबा, तारीख टाका." टाकली. "नाव पुरा लिवा." लिहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काही बोलेल, आबा म्हणून हात धरेल. ती म्हणाली, "हा तुमच्याकडं नको. बाईंना धाडा."

संध्याकाळी तिने अर्धी वाटी पेज घेतली आणि एक अंडं. आज सकाळी पाणी मागून प्यायली. वजन अजून त्रेसष्टच आहे. डॉक्टरांनी एक महिना वाढवून दिला, पण म्हणतात उशीर झाला आहे, टाके धरतीलच असं नाही, दोनदा तीनदा करावं लागतं आणि तरीही कधी कधी राहून जातं. हे मी कमळला सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. ती म्हणाली, बरं.

कागद सोबत आहे. तिचं बरोबर आहे, बाई. सत्यवती उद्या दारात येऊन रडली तर मी काय करेन ते मला सांगता येत नाही, आणि माझ्या लेकीला ते माझ्या आधी कळलं. तो तुमच्या पेटीत ठेवा, कुलूप लावा. मी स्वतः मागायला आलो, तरी मला देऊ नका.

धर्मा नामा घरत